शिटी नसलेला कुकर

मी कुकर उडवलेला आहे. आमच्या वाडीत पहिला कुकर आला तो आमच्या घरी, आणि वाडीत पहिला कुकर उडाला तोही आमच्याच घरी, माझ्या हातून. हे आधीच सांगून टाकते. आमच्या गावात ही गोष्ट इतक्या तोंडांनी सांगितली गेली आहे की कोणी म्हणतं छप्पर उडालं, कोणी म्हणतं मी दोन्ही कानांनी बहिरी झाले. छप्पर जागेवर होतं. दोन कौलं फुटली एवढंच. आणि माझे कान अजून शाबूत आहेत, माझ्याबद्दल कोणी हळू आवाजात बोलत असेल तर जास्तच.

माझं माहेर वेंगुर्ल्याचं आणि सासर आचऱ्याच्या अलीकडचं. लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. नवरा मुंबईत एका छापखान्यात कामाला, गावच्याच आठ जणांबरोबर एका गाळ्यात राहायचा. चतुर्थीला आठ दिवस आणि मे महिन्यात पंधरा दिवस यायचा. म्हणजे लग्नाला दोन वर्षं आणि संसार जेमतेम दीड महिन्याचा. तोही भरल्या घरात, दिवसा एकमेकांशी बोलायचं नाही अशा रीतीचा. मला त्याची आठवण यायची, आणि खरं सांगते, त्याच्यापेक्षा थोडी जास्त आठवण मी न बघितलेल्या मुंबईची यायची.

मग एकदा त्याचं पत्र आलं. त्याला एक खोली मिळाली होती. आमची दोघांची, स्वतःची, कोपऱ्यात मोरी असलेली. तिथे चूल लावायला परवानगी नव्हती, सगळं स्टोव्हवर करायचं. ते त्याने मोठ्या हौशीने लिहिलं होतं, आणि त्याच हौशीने पुढे लिहिलं होतं की शेजारच्या माळ्यावरची एक बाई मागच्याच महिन्यात स्टोव्ह भडकून भाजली, तेव्हा काळजी घ्यावी लागेल. माझा नवरा भला माणूस, पण पत्रात काय लिहावं आणि काय पोटात ठेवावं हे त्याला मरेपर्यंत कळलं नाही.

पत्रं घरात मीच वाचायची, कारण सातवी शिकलेली मी एकटी. सासूला अक्षर ओळखता येत नव्हतं आणि सासऱ्यांना दूरचं दिसायचं, जवळचं नाही. मी वाचत गेले आणि भाजल्याच्या ओळीपाशी आल्यावर सरळ खालच्या ओळीवर उडी मारली. आवाजात काही फरक पडू दिला नाही असं मला वाटत होतं. सासरे डोळे मिटून ऐकत होते. पत्र संपल्यावर त्यांनी तंबाखूचा बटवा उघडला, चिमूट काढली, आणि शांतपणे म्हणाले, "मदली वळ खाल्लंस ती वाच."

वाचली. काय करते!

सासऱ्यांबद्दल सांगायला हवं. ते तीस वर्षं बोटीवर आगवाले होते. आगवाला म्हणजे बोटीच्या पोटात, बॉयलरच्या तोंडाशी उभा राहून कोळसा ओढणारा. जगातली सगळी बंदरं हा माणूस फिरला होता आणि त्यातलं एकही त्याने धड बघितलं नव्हतं, कारण तो कायम खाली. उजव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत कातडी सुरकुतलेली, वाफेने भाजलेली. ते कसं झालं, कुठे झालं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. पण वाफ आणि आग या दोन गोष्टींत घरातच काय, पंचक्रोशीत त्यांच्यापुढे बोलायची कोणाची टाप नव्हती.

त्यांनी निकाल दिला तो असा. स्टोव्ह इथे आणायचा. मुंबईला कुकर नावाचं जे काय भांडं निघालंय, ज्याबद्दल पोरगा इतकं लिहितोय, तेही इथे आणायचं. सुनेने ते इथे, त्यांच्या नजरेसमोर शिकायचं. मे महिन्यात पोरगा आला की सगळ्यांसमोर एक जेवण रांधून दाखवायचं. काही चुकलं नाही तर पावसाआधीच्या शेवटच्या बोटीने जायचं. चुकलं तर नाही. एका बंद खोलीत ते आपल्या सुनेला बॉयलरशेजारी बसवणार नाहीत, आपल्याला तो खेळ माहीत आहे, असं ते म्हणाले.

दिवाळीनंतर स्टोव्ह आणि कुकर बोटीने आले, शेजारच्या एका चाकरमान्याच्या ट्रंकेत धोतरात गुंडाळून. बंदरावर पडावातून, म्हणजे बोटीवरून माणसं-सामान किनाऱ्याला आणणाऱ्या होडीतून, उतरवताना ट्रंक पाण्यात पडता पडता वाचली म्हणे. पडली असती तर निदान दोन कौलं वाचली असती.

सासऱ्यांनी कुकर पडवीत मांडून तपासला. दोन वेळा झाकण लावलं, काढलं. रबर ताणून बघितलं. नळीला डोळा लावून आरपार उजेड बघितला. मग शिटी हातात घेऊन तिचं वजन अंदाजलं आणि झाकणावरच्या एका छोट्या बटणावर बोट ठेवून विचारलं की हे कशाला. मी नवऱ्याचं पत्र उघडलं. त्याने नियमच लिहून पाठवले होते, अकरा की बारा. अर्ध्याच्या वर भरू नये. पाण्याशिवाय चढवू नये. चढवण्यापूर्वी नळीत उजेड दिसतो की नाही बघावं. वाफ पुरती गेल्याशिवाय झाकणाशी झोंबू नये. स्टोव्हमध्ये रॉकेल घालण्याआधी हवा सोडावी, पेटत्या स्टोव्हमध्ये तर घालूच नये. पदर खोचावा, नायलॉनचं लुगडं नेसून स्टोव्हपाशी जाऊ नये. नायलॉनचं लुगडं! माझ्याकडे दोन सुती होती आणि लग्नातलं एक. आणि शेवटी ते बटण: काही कारणाने वाफ कोंडली तर ते वितळून उडेल, म्हणजे भांडं फुटणार नाही. सासऱ्यांचा चेहरा पहिल्यांदा जरा उजळला. ज्याने हे बटण बसवलं त्याने कधीतरी बॉयलर बघितलेला असणार, असं त्यांचं मत पडलं.

सासूचं मत वेगळं होतं. तिचं म्हणणं, ज्या भांड्याचं झाकण काढून शीत चेपून बघता येत नाही त्यात माणसाने रांधू नये. आत काय चाललंय ते कळायला नको? तिने देवाला विचारल्याशिवाय तो चुलीच्या खोलीत येऊ द्यायला नकार दिला. आता आमच्याकडे देवाला विचारायचं म्हणजे कौल लावायचा. देवाच्या अंगावर दोन बाजूंना फुलाच्या कळ्या चिकटवतात, गुरव गाऱ्हाणं घालतो, उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. विहीर खणायची, मुलगी द्यायची, होडी घ्यायची, सगळं असंच ठरतं. कुकर मी देवळात डोक्यावरून नेला. गुरवाने गाऱ्हाणं घातलं की बा देवा म्हाराजा, तुझ्या लेकराच्या घरी एक नवीन भांडं आलंय, ते बंद तोंडाचं आहे, शिटी मारतं, ते तुला पसंत असेल तर उजवा दे. जमलेल्यांनी होय म्हाराजा म्हटलं.

देव गप्प. अर्धा तास झाला, एकही कळी हलेना. बिचाऱ्याने असलं काही आधी बघितलं नसणार. गुरवाने आवाज चढवून परत गाऱ्हाणं घातलं. मी हात जोडून उजवी, उजवी म्हणत होते. शेजारी सासूचे ओठ हलताना मला दिसत होते आणि ती काय मागतेय याबद्दल मला काडीचीही शंका नव्हती. शेवटी उजवी पडली. मी सासूकडे बघितलं. तिने देवाला नमस्कार केला आणि काही न बोलता पायरी उतरली. मला वाटलं, हरली म्हणून गप्प झाली. मी वाटभर कुकर डोक्यावर मिरवत, मुद्दाम तिच्या पुढे चालले.

त्या दिवसापासून मी मनात ठरवूनच टाकलं की ही बाई मला जाऊ देणार नाही. का देईल? मी गेले की पाणी कोण ओढणार, भात कोण कांडणार? वेंगुर्ल्याच्या बायका मुळात फार विचार करतात, असं माझी सासू म्हणायची, आणि या बाबतीत ती खोटं बोलत नव्हती.

दुसऱ्याच दिवशी तिने मला कुकरात पेज करायला सांगितली. पेज म्हणजे सकाळची पहिली गोष्ट, ती ज्या भांड्यात होत नाही ते भांडं कसलं, असा तिचा मुद्दा. उकड्या तांदळाची पेज उतू जायला बघते हे आमच्या परसातल्या मांजरालाही माहीत होतं. पण मी नियमांची पक्की, अर्ध्याच्या वर भरलं नाही, आणि तरी दहा मिनिटांनी नळीतून शिटीसकट पांढरा फेस बाहेर यायला लागला. फळीवरची भांडी, भिंत, माझं कपाळ, सगळं पेजेचं झालं. सासू उंबऱ्यात उभी राहून इतकी हसली, इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. सासरे येऊन बघून गेले आणि म्हणाले, फेस करणारं काहीही यात घालायचं नाही, नळी चोंदली तर जीव जाईल. तो नियम मी नवऱ्याच्या यादीत खाली लिहून ठेवला. आणि सासूच्या हसण्याचा हिशेब वेगळा ठेवला.

पण शिकले हां मी! थंडी संपेपर्यंत स्टोव्ह माझ्या मुठीत आला. पिन कधी मारायची, पंप किती द्यायचा, ज्योत निळी कधी होते, सगळं. कुकरात वरण, बटाटे, काळे वाटाणे, एकदा कोंबडासुद्धा. तीन शिट्यांत वाटाणे मऊ झालेले बघून सासूने एक दाणा बोटांनी चेपला, परत चेपला, आणि तोंडात टाकून निघून गेली. बरं म्हणायला तिची जीभ झिजली असती. सासरे दर वेळी पडवीतल्या बाकावर बसून ऐकायचे. पेजेच्या त्या दिवसानंतर ते कधी आत आले नाहीत. शिटीच्या आधीचा तो सूं आवाज सुरू झाला की मान डोलवायचे, एवढंच.

एप्रिल सरत आला. नवऱ्याचं पत्र आलं, बोटीचं तिकीट काढलंय, परतीची दोन काढतोय. दोन! ते पत्र मी चोळीत ठेवून फिरत होते.

आणि तो यायच्या आधी चार दिवस शिटी नाहीशी झाली.

कुकर घासून फळीवर पालथा होता, झाकण होतं, रबर खिळ्याला होतं, शिटी नव्हती. मी फळी झाडली, मांडणी झाडली, राखेत हात घातले. मग थांबले. शिटीला पाय नसतात. ती कोणीतरी घेतली, आणि कोणी घेतली ते सांगायला मला कौल लावायची गरज नव्हती.

कोणीही शहाणी सून सरळ विचारती. मी विचारलं नाही. विचारलं की ती म्हणणार, माका काय म्हायत, आणि मग मला हात जोडावे लागणार. जीव गेला तरी चालेल, पण या बाईपुढे हात जोडणार नाही, असा माझा तेव्हाचा बाणा. मी पाळत ठेवली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सासू परसात राखेच्या ढिगाशी ओणवी बसलेली मला दिसली. काठीने ढीग उकरत होती. मला बघितल्यावर झटकन उठली आणि भोपळ्याच्या वेलाला राख घालतेय असं म्हणाली. आता मला सांगा, तिन्हीसांजेला वेलाला राख कोण घालतं? ती घरात गेल्यावर मी तोच ढीग कोपरापर्यंत उकरला. दोन खिळे आणि एक फुटकी बांगडी मिळाली. मला वाटलं, हिने जागा बदलली.

नवरा आला. त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो तडक आईकडे जाऊन विचारता, तिने रडून घर डोक्यावर घेतलं असतं, आणि त्या रडण्यात बोट निघून गेली असती. आणि खोटं कशाला बोलू, मला माझी हुशारीही दाखवायची होती. हिने शिटी लपवली तर काय मी अडून बसेन? तर मी काय केलं ते ऐका.

सासरे म्हातारपणी खाडीत पाग टाकायला जायचे. पाग म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं, त्याच्या काठाला शिशाचे मणी ओवलेले असतात, जाळं बुडावं म्हणून. ते पडवीत खुंटीला वाळत होतं. सासरे देवळात गेलेले बघून मी विळीने काठाची दोरी कापली आणि तीन मणी काढून घेतले. शिसं मऊ असतं. पाट्यावर ठेवून वरवंट्याने ठेचलं, तिन्ही मण्यांचा एक गोळा केला, त्यात खिळ्याने अर्ध्यापर्यंत भोक पाडलं आणि नळीवर दाबून बसवलं. काय सुरेख बसलं म्हणून सांगू! शिटीपेक्षा घट्ट. शिटी डुगडुगते तरी, हे हलेसुद्धा ना. लांबून बघणाऱ्याला शिटीच वाटावी. मी स्वतःवर इतकी खूश झाले की त्या रात्री मला हसू आवरेना, आणि नवऱ्याने विचारलं तर स्वप्न पडलं म्हणून सांगितलं.

शिटी डुगडुगते म्हणूनच ती शिटी, हे माझ्या डोक्यात आलं नाही. पत्रातले सगळे नियम मला तोंडपाठ होते. शिटीच्या जागी जाळ्यातलं शिसं बसवू नये हा नियम त्यात नव्हता, कारण मुंबईत कोणाला असली अक्कल सुचली नसती.

परीक्षेच्या दिवशी सकाळीच मी न्हाऊन, पदर खोचून स्टोव्ह पेटवला. नवरा माजघरात उगीच इकडून तिकडे जात होता. सासरे पडवीत त्यांच्या बाकावर, दार उघडं, तिथून स्वयंपाकाची खोली सरळ दिसायची. सासू कोपऱ्यात विळीवर नारळ खवत होती आणि सारखी वर बघत होती. मी आधी वरण चढवलं. तुरीची डाळ, पाणी, हळद, सगळं मापात. झाकण लावलं, सगळ्यांकडे पाठ करून माझा गोळा नळीवर दाबला, आणि ऐटीत बाजूला झाले.

वळून बघते तर सासूचा खवायचा हात थांबलेला. ती कुकराकडे बघत होती, तोंड उघडं. मी मनात म्हटलं, बघ, बघ. पडवीत सासऱ्यांनी बटव्यात हात घातला, आत चाचपलं, आणि हात तसाच आत ठेवून ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं तंबाखू संपली असेल.

पाच मिनिटं झाली. सात झाली. एरवी एव्हाना सूं सूं सुरू होतो. काही नाही. स्टोव्हचा आवाज तेवढा. मी पंपाचे आणखी चार दट्टे मारले. तरी गप्प. मला आत कुठेतरी बरं वाटेना, पण सगळ्यांदेखत वाकून कुकराला कान लावणं कमीपणाचं वाटलं. झाकणाच्या कडेला एक थेंब आला आणि तिथेच चुरचुरला.

सासरे उठले. या वयात ते इतके पटकन उठतात हे मला माहीत नव्हतं. आत आले, आणि ओरडले नाहीत, अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "वाफ बोलणा नाय. उठ थयसून."

मी म्हणाले, होईल आता. त्यांनी पुढे काही ऐकलं नाही. लग्न झाल्यापासून ज्यांचा मला कधी धक्काही लागला नव्हता त्यांनी माझा दंड धरून मला ओढलं, दुसऱ्या हाताने स्टोव्हची चावी सोडली, पायाने सासूच्या पाटाला ढकललं, आणि आम्ही सगळे एकमेकांवर पडत माजघरात आलो. तेवढ्यात आत आवाज झाला. बंदुकीसारखा म्हणतात तसा एक, आणि त्यानंतर लांबलचक फुस्स. मग दोन कौलं खाली आली. मग काही वेळ नुसतं टप टप.

आत गेलो तेव्हा वाशांवरून वरण गळत होतं. भिंती पिवळ्या. देवाच्या फोटोवर डाळ. कुकर स्टोव्हवर जसाच्या तसा, फक्त झाकणावर त्या बटणाच्या जागी भोक. माझा शिशाचा गोळा नळीवर घट्ट बसलेला होता, तेवढं मात्र कबूल करायला हवं. सासऱ्यांनी फडक्याने तो उपटून काढला, उलटापालटा करून बघितला, मग पडवीतल्या जाळ्याकडे बघितलं. त्यांना एका क्षणात सगळं कळलं. मी भिंतीला टेकले, आणि पाठीला गरम वरण लागलं.

मग त्यांनी बटवा उघडला आणि त्यातून शिटी काढली.

मला आधी समजेचना. सासूने लपवलेली शिटी यांच्याकडे कशी? त्यांनी ती माझ्यासमोर धरली. बोटीवर मोठा इंजिनियर असाच करायचा, त्यांनी सांगितलं, एखादा नट काढून खिशात घालायचा आणि वाट बघत बसायचा. जो येऊन सांगायचा, साहेब, नट नाही, मी आग लावत नाही, त्याला तो ठेवायचा. जो लावायचा त्याला पुढच्या बंदरात उतरवायचा.

"स दिस वाट बगी होतंय," ते म्हणाले. "शिटी नाय तर आज जेवण नाय, इतक्याच तुज्या तोंडातसून आयकाचा होता माका."

रांधणं त्यांना बघायचंच नव्हतं. ते मला येतं हे त्यांना फाल्गुनातच कळलं होतं. त्यांना बघायचं होतं की मी केव्हा रांधणार नाही. आणि मी तर जाळं कापून शिसं बसवलं होतं! ते आणखी चिडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त दमलेले दिसत होते. त्यांनी आपल्या मुलाकडे बघून मान हलवली आणि दोनच शब्द बोलले, "औंदा नाय." दुसरं तिकीट परत द्यायला सांगितलं.

नवरा खिशातली तिकिटं चाचपत राहिला. माझ्या डोळ्यांपुढे ती खोली होती, मोरी असलेली. आणखी एक वर्ष. आणखी एक चतुर्थी, एक मे. मला रडू आलं आणि रडण्यापेक्षा राग जास्त आला, आणि रागात जे तोंडातून जायला नको होतं ते गेलं. मी म्हणाले, "माका काय म्हायत तुमी घेतलास ता? माका वाटला आयेन लपवल्यान."

वरचं वरण तेवढं गळत होतं.

सासूने माझ्याकडे बघितलं. मग तिने हातातली खोबऱ्याची कवड खाली ठेवली आणि पदराने तोंडावरची डाळ पुसली. सहा दिवस ती ती शिटी शोधत होती. फळीमागे, गोठ्यात, भाताच्या कणगीत, त्या राखेच्या ढिगात. भांडी घासताना आपल्याच हातून राखेबरोबर गेली असं तिला वाटलं होतं, आणि मला कळलं तर मी घाबरेन म्हणून ती बोलली नव्हती. सकाळी मी काहीतरी नळीवर बसवताना बघून तिचा हात थांबला तो आनंदाने. तिला वाटलं, मिळाली. हे सगळं तिने मला सांगितलं नाही, नवऱ्याला सांगितलं, माझ्याकडे पाठ करून, एका दमात. आणि सांगता सांगता तिचा आवाज चढत गेला. त्या घरात मी तिला सासऱ्यांपुढे आवाज चढवताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही.

"तीस वर्सां तुमी बोटीर होतास," ती म्हणाली. "माजो संसार कसो झालो ता माका म्हायत. हिचो तसो होवक देवचंय नाय. सून जातली. भांडा हयसर ऱ्हवतला."

हातातली शिटी आधी तिला द्यावी की मला, हे सासऱ्यांना कळेना, शेवटी ती त्यांनी फळीवर ठेवली आणि ते शिडी आणायला बाहेर गेले, कौलं बघायला.

असा निकाल लागला. मी परीक्षेत नापास झाले आणि शेवटच्या बोटीने मुंबईला गेले. पुढची चार वर्षं मी पितळेच्या टोपात भात केला, झाकण काढून, शीत चेपून.

पण त्याआधीचं एक राहिलं. जायच्या आदल्या दिवशी सासू माझी वळकटी बांधत होती, दोरीवर गुडघा देऊन. मला लाजेने अन्न जात नव्हतं. दोन दिवस मी तिच्या मागे मागे फिरत होते आणि तोंड उघडत नव्हते. शेवटी खाली बसले, दोरीचं दुसरं टोक धरलं, आणि म्हटलं की आये, चुकलं माझं. सहा दिवस मी तुम्हांला चोर म्हणत होते, मनात. देवळातसुद्धा मला वाटलं तुम्ही डावी मागताय.

तिने दोरी ओढली, गाठ मारली, गाठ घट्ट आहे की नाही ते बघितलं.

"त्येचा काय मनाक लावन घेव नको," ती म्हणाली. "तुज्या जागेर मी आसतंय, तर माका पण सासवेचोच संशय इलो आसतो."